उतरणीला लागलेला संघ आणि त्याचे चाहते



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस फुटबॉलवर काय बोलणार, आणि तेही हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांवर? पण मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण साधं आहे. आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात अशा काही गोष्टी असतात, ज्या आपल्या हातात नसतात आणि ज्या आपल्याला सोडताही येत नाहीत. आपलं गाव, आपली शाळा, आपण जिच्यात वाढलो ती एखादी संस्था. ती डोळ्यांसमोर खालावत जाते आणि आपण बघत बसतो. त्या वेळी मनात जे होतं त्याला काय म्हणायचं, आणि ते शहाणपणाचं की वेडेपणाचं, हा आजचा प्रश्न. फुटबॉलचा चाहता या प्रश्नाचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे, कारण त्याचं दुःख दर शनिवारी गुणतक्त्यात आकड्यांनिशी छापून येतं.

आधी ‘रेलिगेशन’ म्हणजे काय ते बघू. आपल्यापैकी बरेच जण क्रिकेट बघणारे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ साली १२ क्लबांनी सुरू केली. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली. वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ यांच्यात सुरुवातीला चाचणी सामने होत. १८९८-९९ च्या हंगामापासून नियम सरळ झाला: तळाला राहिलात की खाली, वर आलात की वर. आज प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. त्यांतले शेवटचे तीन दर वर्षी खालच्या श्रेणीत जातात आणि तिथले तीन वर येतात. खाली जाणं हा नुसता मानापमानाचा मामला नाही, बरं का. टीव्हीच्या हक्कांचे पैसे एकदम घटतात, चांगले खेळाडू सोडून जातात, कार्यालयातल्या माणसांच्या नोकऱ्या जातात. काही वर्षं आधाराची रक्कम मिळते, पण उतरण लागलेला संघ तेवढ्यानं सावरतोच असं नाही.

आता एक खरं उदाहरण घेऊ. ते आपल्याला शेवटपर्यंत पुरेल.

सुंदरलंडची गोष्ट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सुंदरलंड नावाचं शहर आहे. जहाजबांधणी आणि कोळसा या दोन धंद्यांवर ते उभं राहिलं. तिथल्या शेवटच्या जहाजगोद्या १९८८ च्या सुमारास बंद झाल्या. मंकवेअरमाउथची कोळसा खाण १९९३ च्या डिसेंबरात बंद पडली. त्या खाणीच्या जागेवरच १९९७ साली क्लबनं नवं मैदान बांधलं आणि नाव ठेवलं ‘स्टेडियम ऑफ लाइट’. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती उभी आहे. म्हणजे ज्या जागी वडील आणि आजोबा जमिनीखाली उतरत होते, त्याच जागी मुलगा आणि नातू शनिवारी सामना बघायला येतात. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लब जुना, मोठा, सहा वेळा इंग्लंडचा विजेता. मात्र त्यातलं शेवटचं विजेतेपद १९३६ चं. १८९० पासून १९५८ पर्यंत सलग ६८ वर्षं हा संघ सर्वोच्च श्रेणीतून कधी खाली आला नव्हता. १९७३ साली दुसऱ्या श्रेणीत असताना त्यांनी बलाढ्य लीड्सला १-० हरवून एफए कप जिंकला. त्या शहरात तो सामना आजही लोक घरातल्या लग्नाइतक्या बारकाव्यानं सांगतात.

२००७ पासून संघ दहा वर्षं प्रीमियर लीगमध्ये टिकून होता. टिकून म्हणजे कसा? जवळजवळ दर वर्षी बुडता बुडता वाचत. २०१६ च्या मे महिन्यात एव्हर्टनला ३-० हरवून ते वाचले आणि शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसल खाली गेला, तेव्हा गावात दिवाळी झाली. पण पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, ३८ सामन्यांत फक्त २४ गुण मिळवून सुंदरलंड तळाला राहिलं आणि खाली गेलं. दुसऱ्या श्रेणीत तरी सावरतील असं वाटत होतं. तेही झालं नाही. १७ डिसेंबर २०१६ ला वॉटफर्डवर मिळवलेल्या विजयानंतर घरच्या मैदानावर पुढचा विजय आला तो थेट १६ डिसेंबर २०१७ ला, फुलहॅमविरुद्ध. मध्ये ३६४ दिवस गेले! विचार करा, एक माणूस हंगामाचं तिकीट काढून वर्षभर आपल्या मैदानावर जातो आणि त्याला एकदाही जिंकलेलं दिसत नाही.

मग २१ एप्रिल २०१८ उजाडला. बर्टन नावाच्या लहानशा क्लबाविरुद्ध घरच्या मैदानावर १-० अशी आघाडी होती. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल बसले आणि सामना २-१ असा गेला. त्यातला बरोबरीचा गोल सुंदरलंडच्याच एका माजी खेळाडूनं केला होता. सलग दुसऱ्या वर्षी रेलिगेशन, आणि आता तिसऱ्या श्रेणीत. त्या हंगामावर ‘सुंदरलंड टिल आय डाय’ नावाची माहितीपट मालिका नेटफ्लिक्सवर आहे. तिच्या सुरुवातीलाच चर्चमध्ये संघासाठी प्रार्थना होताना दिसते. जरूर बघा.

वैताग म्हणजे नक्की काय?

आपण मराठीत राग, वैताग, निराशा हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांत फरक आहे.

राग यायला समोर कुणीतरी लागतो. ॲरिस्टॉटलनं आपल्या ‘ऱ्हेटोरिक’ या ग्रंथात रागाचं विश्लेषण केलंय. तो म्हणतो, त्याच्या म्हणण्याचा आशय सांगतो मी, की आपली किंवा आपल्या माणसांची अकारण अवहेलना झाली असं वाटलं की राग येतो, आणि त्यात परतफेड करण्याची इच्छा मिसळलेली असते. निराशेत इच्छाच मावळते. वैताग या दोहोंच्या मधला आहे. इच्छा पूर्ण जिवंत असते, पण ती पुरी करण्याचं साधन हातात नसतं. नळाला पाणी नाही, तक्रार करून झाली, टँकरही येत नाही आणि तहान तर लागलेलीच आहे. तसं काहीसं.

चाहत्याची अवस्था अशीच असते. आपल्याकडे गीतेनं कर्म आणि फळ यांची जी मांडणी केली आहे ती सगळ्यांना माहीत आहे. अधिकार कर्मावर, फळावर नाही. आता चाहत्याकडे बघा. त्याच्या वाट्याला नेमकं उलटं आलंय. कर्माचा त्याला अधिकारच नाही. तो ना पास देऊ शकतो, ना खेळाडू निवडू शकतो, ना मॅनेजर बदलू शकतो. फळ मात्र पुरेपूर त्याच्या पदरात. तेव्हा ‘फळाची आशा सोडून कर्म कर’ हा उपदेश त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतो, कारण करायला कर्मच शिल्लक नाही. फार तर ओरडणं उरतं.

यावर स्टोइक तत्त्वज्ञांचं उत्तर तयार आहे. एपिक्टेटस म्हणेल, काही गोष्टी आपल्या ताब्यातल्या, काही ताब्याबाहेरच्या. ताब्याबाहेरच्या गोष्टीला मन बांधून ठेवशील तर दुःख अटळ आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या टिपणांच्या सुरुवातीला ज्यांच्याकडून जे शिकला त्याची यादी देतो. त्यात तो आपल्या शिक्षकाचं ऋण मानतो, कशासाठी? तर रथांच्या शर्यतीत हिरव्यांचा किंवा निळ्यांचा पक्ष घेऊ नये हे त्यानं शिकवलं म्हणून! म्हणजे संघाचा चाहता होऊ नये हा सल्ला जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे.

सल्ला वाईट नाही. पण माझ्या मते तो अपुरा आहे. कारण हाच न्याय लावायचा तर मूल, मित्र, गाव, देश यांपैकी कशातच मन गुंतवता येणार नाही. यांतलं काहीच आपल्या पूर्ण ताब्यात नसतं. ज्याचं यशापयश आपल्या हातात नाही त्याच्यावर जीव लावणं ही चूक असेल, तर माणसाचं बहुतेक सगळं प्रेम चूकच ठरेल. तेव्हा प्रश्न ‘गुंतावं की गुंतू नये’ असा विचारून भागत नाही. गुंतल्यावर नीट कसं वागावं, हा खरा प्रश्न आहे.

‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

इथे कुणी म्हणेल, सर, हे प्रेम-बिम काही नाही. लोकांना जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायला आवडतं, इतकंच. या शंकेला आधार आहे. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना, म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल, विद्यापीठानं जिंकला की त्यानंतरच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येत. आणि सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’ हे बोलण्यात जास्त येई. हरल्यावर हा ‘आम्ही’ गळून पडायचा. दुसऱ्याच्या तेजात स्वतःला उजळून घेणं, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं.

पण मग सुंदरलंडचं काय करायचं? तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या या संघाचा सामना २०१८ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, ब्रॅडफर्डशी होता. मैदानात प्रेक्षक किती असावेत? ४६,०३९. तिसऱ्या श्रेणीच्या आजच्या स्वरूपात, म्हणजे ‘लीग वन’मध्ये, हा विक्रम होता. पुढच्या मार्चमध्ये खालच्या श्रेणींतल्या क्लबांच्या एका चषकाचा अंतिम सामना वेम्ब्लीवर पोर्ट्समथशी झाला, त्याला ८५,०२१ माणसं होती. पोर्ट्समथ हाही असाच पडलेला जुना क्लब. यात उजळून घ्यायला कुठलं तेज होतं?

तेव्हा चाहत्यांचे किमान दोन प्रकार मानावे लागतात. एकाचा ‘आम्ही’ निकालावर अवलंबून असतो. दुसऱ्याचा नसतो. आणि वैताग खऱ्या अर्थानं या दुसऱ्यालाच होतो. पहिला तर केव्हाच दुसरा चॅनेल लावून मोकळा झालेला असतो.

सोडून जाता का येत नाही?

अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. १९७० साली त्यांचं एक छोटेखानी पुस्तक आलं. नावातच तीन शब्द आहेत, त्यांना आपण मराठीत निर्गमन, आवाज आणि निष्ठा म्हणू. एखादी संस्था बिघडायला लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन वाटा असतात. एक, निघून जाणं: किराणा दुकानदार खराब माल देतो, तुम्ही शेजारच्या दुकानात जाता. दुसरी, आवाज उठवणं: तक्रार करायची, सभेत बोलायचं, भांडायचं. निष्ठा ही या दोहोंमधली गोष्ट. ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, आणि म्हणून आवाज उठवायला वेळ मिळतो.

आता सुंदरलंडच्या माणसाला विचारा, बाबा रे, संघ वाईट खेळतोय तर न्यूकॅसलला जा की, वीसएक किलोमीटरवर तर आहे. तो तुमच्याकडे कसा बघेल याची कल्पना करा. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील तालमीचा माणूस संघ हरला म्हणून पुढच्या रविवारी शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाच्या बाजूला जाऊन बसत नाही. पेठ बदलता येत नाही, तसा संघही बदलता येत नाही.

का येत नाही? कारण प्रेमाची वस्तू गुणांच्या यादीवरून निवडलेली नसते. मी माझ्या मित्रावर त्याच्या गुणांसाठी प्रेम करतो असं म्हटलं, तर त्याच्यापेक्षा गुणी माणूस भेटताच मी मित्र बदलायला हवा. तसं आपण करत नाही. नात्याला इतिहास असतो आणि तो इतिहासच नात्याचं कारण होऊन बसतो. मघाशी सांगितलं ना, खाणीच्या जागेवरचं मैदान? तिथे बसलेल्या माणसाला वडिलांनी पहिल्यांदा हात धरून आणलेलं असतं. संघ सोडायचा म्हणजे त्या आठवणीतली खुर्ची रिकामी करायची. बाजारात याला पर्याय मिळत नाही.

पण याची दुसरी बाजू आहे, ती लक्षात घ्या. गिऱ्हाईक कधीच जाणार नाही हे दुकानदाराला कळलं की तो काय करेल? निष्ठा ही मालकाच्या दृष्टीनं फुकटची ठेव होते. सुंदरलंड घसरत होतं तेव्हा क्लबवर शंभर दशलक्ष पौंडांहून जास्त कर्ज साचलं होतं. मॅनेजर येत होते, जात होते. खाली गेल्यावर पगार कमी होईल अशी अटच नसलेले महागडे करार क्लबनं केले होते. यातला एकही निर्णय तिकीट काढणाऱ्या माणसाला विचारून झालेला नव्हता. त्याच्याकडे निर्गमनाची वाट नव्हती आणि आवाजाला सभागृह नव्हतं. वैतागाचं मूळ इथे आहे. नुसत्या हरण्यानं माणूस इतका वैतागत नाही.

जर्मनीत याला एक उत्तर शोधलेलं आहे. तिथे १९९८ पासून ‘५० अधिक १’ असा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबाच्या निर्णयात बहुसंख्य मतं सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून अध्यक्षाला जाब विचारू शकतो, तसंच काहीसं. आता सहकारात सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही, तुम्ही हसण्याआधीच सांगतो. जर्मनीतही हाम्बुर्ग २०१८ मध्ये आणि शाल्क २०२१ मध्ये खाली गेलेच. आवाज मिळाला म्हणून पडझड थांबतेच असं नाही. पण पडताना आपल्याला कुणी विचारलंच नाही, हे शल्य तरी राहत नाही.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या चाहत्यांनी वेगळीच वाट काढली. २००२ साली त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. नवव्या श्रेणीपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. हर्शमनच्या भाषेत हे निर्गमन म्हणायचं की निष्ठा? मी निष्ठाच म्हणेन. क्लबाचं कायदेशीर नाव एकीकडे गेलं, आणि क्लब ज्यांच्यामुळे क्लब होता ती माणसं दुसरीकडे राहिली.

एका रात्रीतली दोन दृश्यं

आता रागाकडे येऊ. २० एप्रिल २०२१ ही तारीख घ्या. त्या एका संध्याकाळी युरोपात दोन गोष्टी घडल्या.

पहिली लंडनमध्ये. दोनच दिवसांपूर्वी युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली होती. त्यात संस्थापक क्लबांना कायमची जागा. कितीही वाईट खेळा, बाहेर जायची भीती नाही. चेल्सीचे चाहते मैदानाबाहेर रस्त्यावर उतरले. त्या रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाही क्लब माघार घेऊ लागले आणि योजना कोसळली.

दुसरी जर्मनीत. शाल्क संघ त्याच संध्याकाळी बीलेफेल्डला हरला आणि खाली जाणं निश्चित झालं. गेल्झेनकिर्शेन हेही कोळशाचं गाव. संघाची बस रात्री परतली तेव्हा काही चाहत्यांनी खेळाडूंवर अंडी फेकली, त्यांचा पाठलाग केला, काहींना मारहाण झाली.

दोन्हीकडे राग होता. पण ॲरिस्टॉटलची कसोटी लावून बघू. अवहेलना कुणी केली? लंडनमध्ये उत्तर स्पष्ट होतं. मालकांनी चाहत्यांना न विचारता स्पर्धेचा अर्थच बदलायचा घाट घातला होता. राग योग्य माणसांवर, योग्य कारणासाठी होता आणि कुणाच्या अंगाला हात न लावता व्यक्त झाला. शाल्कमध्ये कारभाराची चूक वर्षानुवर्षांची. कर्ज, बदललेले प्रशिक्षक, चुकीच्या खरेद्या. मार मात्र कुणाला? हाती लागले त्या पोरांना. त्यातले काही नुकतेच संघात आलेले असतील.

चाहते हरणं माफ करतात, असा माझा समज आहे. कुवत कमी पडली तर ते हळहळतात. त्यांना सहन होत नाही ती बेफिकिरी. ‘याला काही पडलेलीच नाही’ असं वाटलं की तो अपमान होतो, कारण मग मला एवढं पडलेलं आहे हेच हास्यास्पद ठरतं. म्हणून पळून दमलेल्या सुमार खेळाडूला टाळ्या मिळतात आणि उभ्या उभ्या चालणाऱ्या गुणी खेळाडूला शिट्ट्या. यात न्याय आहे. पण बेफिकिरी ओळखणं अवघड असतं, हेही तितकंच खरं. आत्मविश्वास गेलेला मुलगा लांबून आळशीच दिसतो. ४६ हजार माणसं शिट्ट्या मारताना चेंडू मागायचा नाही, असं त्याच्या पायांनी ठरवलेलं असतं. तेव्हा शिट्टी मारण्याचा हक्क चाहत्याला आहे, मी तो नाकारत नाही. शिवी देण्याचा नाही, घरापर्यंत जाण्याचा तर मुळीच नाही. आणि महागडा करार करणाऱ्याला सोडून त्या करारावर सही करणाऱ्या खेळाडूलाच सगळा दोष देणं हा पत्ता चुकलेला राग आहे.

पडण्याची भीती कुणाला हवी असते?

लंडनच्या त्या दृश्यात आणखी एक गंमत आहे. चाहत्यांना रेलिगेशन नको असतं. मग ज्या स्पर्धेत ते नाही, तिला त्यांनी विरोध का केला?

कारण पडण्याची शक्यता काढली की वर येण्याचा अर्थही जातो. बर्टनसारख्या छोट्या क्लबाला सुंदरलंडच्या मैदानावर येऊन जिंकता येतं, ते याच नियमामुळे. आणि कायमच्या जागेनं खरी सुरक्षितता मिळते का? आपल्या पुण्याचंच बघा. इंडियन सुपर लीग २०१४ ला रेलिगेशनशिवाय सुरू झाली. एफसी पुणे सिटी संघ त्यात होता. तो कधी खाली गेला नाही, जायला खाली जागाच नव्हती. २०१९ मध्ये आर्थिक अडचणीमुळे तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. सुंदरलंडच्या चाहत्याला तिसऱ्या श्रेणीत का होईना, शनिवारी जायला जागा होती. पुण्याच्या चाहत्याला ती राहिली नाही. खाली जाण्याला तळ असतो, बंद होण्याला नसतो.

शेवटी आशेबद्दल. हंगामाच्या अखेरीस वर्तमानपत्रांत ‘गणिती शक्यता’ हा शब्द येतो. उरलेले सगळे सामने जिंकले, आणि अमुक संघ हरला, तर आपण वाचू. याच दिवसांत वैताग सर्वांत जास्त असतो. चाहते सांगतात की प्रत्यक्ष खाली गेल्यावर दुःखासोबत एक सुटकाही जाणवते. यात विसंगती नाही. आशा आहे तोवरच वैताग आहे, आणि ती संपली की वैतागही निवतो. तेव्हा वैतागलेला चाहता हा निराश माणूस नव्हे. त्याची आशा अजून संपलेली नाही.

सुंदरलंडचं पुढे काय झालं, हे विचाराल. २०१९ मध्ये वर यायच्या निर्णायक सामन्यात ते शेवटच्या क्षणी चार्लटनकडून हरले. २०२२ मध्ये विकमला हरवून दुसऱ्या श्रेणीत आले. आणि २४ मे २०२५ ला वेम्ब्लीवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध ९५ व्या मिनिटाला गोल करून, आठ वर्षांनी, प्रीमियर लीगमध्ये परतले. ऐकायला छान वाटतं. पण ‘बघा, निष्ठेचं फळ मिळालं’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो गोल हुकला असता तर २०१८ च्या त्या ४६ हजार माणसांची निष्ठा मूर्खपणाची ठरली असती का? निकालानं निष्ठेची किंमत ठरत असेल तर ती निष्ठा नव्हे, गुंतवणूक झाली. त्या लोकांनी एकमेकांसोबत तिथे बसणं हेच त्या दिवशी पुरेसं कारण होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आपल्या आयपीएलमध्ये हे का जाणवत नाही?*

कारण तिथे शेवटचं येण्याला परिणाम नाही. मुंबईचा संघ २०२२ आणि २०२४ ला तळाला होता, २०२५ ला चेन्नईचा. चाहते चिडले, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा शून्यावर. त्यात मजा आहेच, मी स्वतः बघतो. पण जिथे काही गमावायचं नसतं तिथे चाहत्याचं नातं किती खोल जातं, हे कळायला अजून काही पिढ्या लागतील.

*वैतागलेल्या चाहत्यानं मग नेमकं करायचं काय?*

तीन गोष्टी सांगतो. रागाचा पत्ता तपासायचा: निर्णय कुणाचा होता, ते बघायचं. एकट्यानं ओरडण्यापेक्षा संघटित व्हायचं. इंग्लंडमध्ये समर्थकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक आणणारा कायदा झाला. आणि तिसरी गोष्ट, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलत राहायचं. संघ कुठल्याही श्रेणीत असला तरी तो माणूस तिथे असतोच.